इंग्रजी वाक्यातली यादी आणि तिचा शेवटचा शब्द

अमेरिकेतल्या मेन राज्यात आठवड्याला 40 तासांच्या वर काम केलं, की वरच्या तासांना दीडपट दराने मजुरी मिळते. काही कामं मात्र या कायद्यातून वगळलेली आहेत. तिथल्या पोर्टलंड शहरातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी 2014 मध्ये ओव्हरटाइमसाठी दावा लावला, तेव्हा सगळा वाद वगळलेल्या कामांच्या यादीपाशी येऊन ठेपला. यादी अशी होती: 'कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ', आणि त्यापुढे शेतमाल, मांस-मासळी आणि नाशवंत खाद्यपदार्थ यांचा उल्लेख.

ड्रायव्हर दुधाचा माल पोचवायचे. म्हणजे त्यांचं काम वाटपाचं, 'डिस्ट्रिब्यूशन'चं. कंपनी म्हणाली, 'पॅकिंग फॉर शिपमेंट' हे एक काम आणि 'डिस्ट्रिब्यूशन' हे दुसरं. दोन्ही वगळलेली आहेत, तेव्हा ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले, वगळलंय ते फक्त पॅकिंग. मग ते रवानगीसाठी असो की वाटपासाठी. आम्ही पॅकिंग करत नाही, सबब आमचा ओव्हरटाइम द्या.

मार्च 2017 मध्ये अपील न्यायालयाने ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. बातम्या गाजल्या त्या स्वल्पविरामामुळे. 'शिपमेंट'च्या पुढे एक स्वल्पविराम असता, तर वाद उभाच राहिला नसता. हे खरं आहे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. ड्रायव्हरांचा आणखी एक मुद्दा होता आणि मला तो स्वल्पविरामापेक्षा मोलाचा वाटतो. यादीतली पहिली आठ कामं बघा: कॅनिंगपासून पॅकिंगपर्यंत प्रत्येकाच्या शेवटी 'इंग' आहे. 'शिपमेंट' आणि 'डिस्ट्रिब्यूशन' यांच्या शेवटी नाही. वाटप हे नववं काम म्हणून लिहायचं असतं, तर तिथे 'डिस्ट्रिब्यूटिंग' आलं असतं. त्याचं रूप 'शिपमेंट'शी जुळतं, आठ कामांशी जुळत नाही. मग ते 'शिपमेंट'च्या जोडीने 'फॉर'च्याच मागे जातं.

कंपनीची बाजूही लंगडी नव्हती. यादी संपताना शेवटच्या कामाआधी 'ऑर' यावा लागतो आणि 'पॅकिंग'च्या आधी तो नव्हता. शिवाय रवानगी आणि वाटप ही दोन्ही पॅकिंगचीच कारणं असतील, तर एकाच अर्थाचे दोन शब्द कशाला, असंही कंपनीने विचारलं. न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवलं, आणि कायदा कामगारांच्या हितासाठी केलेला असल्यामुळे संदिग्धतेचा लाभ त्यांना दिला. नंतर तिथल्या विधिमंडळाने कलम दुरुस्त केलं. स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम आले आणि 'डिस्ट्रिब्यूशन' काढून तिथे 'डिस्ट्रिब्यूटिंग' घातलं गेलं. हा लेख त्या दुसऱ्या दुरुस्तीबद्दल आहे.

## समांतर रचना म्हणजे नेमकं काय?

वाक्यात दोन किंवा अधिक गोष्टी एकाच नात्याने येत असतील, तर त्या व्याकरणाच्या एकाच रूपात लिहायच्या. याला समांतर रचना म्हणतात. व्याख्या एवढीच.

शाळेतलं नेहमीचं उदाहरण घेऊ: 'आय लाइक रीडिंग, स्विमिंग अँड टु प्ले क्रिकेट.' आवडी तीन, पण पहिल्या दोन 'इंग'च्या रूपात आणि तिसरी 'टु'च्या रूपात. 'रीडिंग, स्विमिंग अँड प्लेइंग क्रिकेट' म्हटलं, की तिन्ही एका रांगेत आल्या.

'आय लाइक' हा भिंतीवरचा सॉकेट आहे असं समजा. पुढे येणारी प्रत्येक गोष्ट ही पिन. इंग्रजीत 'लाइक' या सॉकेटला 'इंग'वाली पिनही बसते आणि 'टु'वालीही बसते, म्हणून तर चूक लक्षात येत नाही. पण एकदा 'इंग'ची पिन लावली, की त्या वाक्यापुरता सॉकेट त्याच घडणीचा ठरतो. वाचणाऱ्याचं मन पुढच्या पिनेची वाट त्याच आकाराची बघत असतं.

ही गरज कुठे कुठे पडते? 'अँड', 'ऑर', 'बट' यांनी जोडलेल्या कुठल्याही दोन भागांत. 'आयदर-ऑर', 'नॉट ओन्ली-बट ऑल्सो' अशा जोडशब्दांत. 'दॅन' लावून केलेल्या तुलनेत. आणि एकाखाली एक मुद्दे मांडतो त्या यादीत, मग तो बायोडेटा असो, ऑफिसचं प्रेझेंटेशन असो की कराराच्या अटी. बँकांच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पेपरात वाक्यातली चूक ओळखायला सांगतात, तिथेही हा मुद्दा हमखास असतो. परीक्षेपुरता शिकला जातो आणि परीक्षेबरोबर विसरला जातो, हे त्याचं दुर्दैव आहे.

## एक नोटीस जवळून बघू

शहरांतल्या सोसायट्यांमध्ये हल्ली इंग्रजी नोटिसा लागतात. त्या साधारण अशा असतात: 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टु पार्क इन देअर ओन स्लॉट्स, नॉट कीपिंग फुटवेअर इन द पॅसेज अँड गार्बेज शुड बी गिव्हन बिफोर नाइन.'

अर्थ कळतो. तरी वाचताना दोनदा ठेच लागते. तपासायची रीत सोपी आहे: सगळ्यांना सामाईक असलेला भाग बोटाने धरून ठेवायचा आणि त्याच्यापुढे एकेक बाब स्वतंत्रपणे लावून वाचायची. इथे सामाईक भाग 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड'. 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टु पार्क', बरोबर. 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड नॉट कीपिंग', बसत नाही. 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड गार्बेज शुड बी गिव्हन', मुळीच बसत नाही.

दुरुस्त करू: 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टु पार्क इन देअर ओन स्लॉट्स, टु कीप फुटवेअर आउट ऑफ द पॅसेज, अँड टु हँड देअर गार्बेज टु द क्लीनर बिफोर नाइन.' तिन्ही विनंत्या 'टु'च्या रूपात आल्या.

पण या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट घडली. 'गार्बेज शुड बी गिव्हन' असं लिहिलं होतं तेव्हा कचरा कोणी द्यायचा आणि कोणाकडे द्यायचा, हे नोटीस सांगतच नव्हती. दाराबाहेर पिशवी ठेवली तरी चालेल का? समांतर रूपात बसवायला गेलो, तशी 'मेंबर्स' ही कर्त्याची जागा भरावी लागली. कर्ता आला, मग 'देणं' म्हणजे कोणाच्या हातात देणं हा प्रश्न आपोआप पुढे आला. लिहिणाऱ्याने जे ठरवलंच नव्हतं, ते रूप जुळवताना ठरवावं लागलं. माझ्या मते समांतर रचनेचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. वाचणाऱ्याच्या आधी लिहिणाऱ्याच्या डोक्यातली अर्धवट राहिलेली गोष्ट ती उघडी पाडते.

बायोडेटातही हेच होतं. 'मॅनेज्ड अ टीम ऑफ सिक्स', त्याखाली 'रिस्पॉन्सिबल फॉर स्टॉक', त्याखाली 'मंथली रिपोर्ट्स'. पहिल्या ओळीत माणसाने काहीतरी केलंय, दुसरीत त्याच्यावर जबाबदारी टाकलीय, तिसरीत नुसते अहवाल आहेत. ते त्याने लिहिले, तपासले की फक्त पुढे पाठवले, कोण जाणे. सगळ्या ओळी पहिलीसारख्या करायला बसा. 'चेक्ड द स्टॉक एव्हरी वीक', 'रोट द मंथली रिपोर्ट्स'. आता प्रत्येक ओळीत केलेलं काम दिसतं.

## मराठीतून विचार करणारे इथेच का अडतात?

मराठीत समांतर रचना नाही, असं नाही. 'मला वाचायला, पोहायला आणि क्रिकेट खेळणं आवडतं' हे आपल्या कानालाही खटकतं. पण मराठीकडे काही सोयी अशा आहेत, की पुष्कळदा रूप जुळवण्याचं काम आपल्याला करावंच लागत नाही. त्या सोयी अंगवळणी पडल्यामुळे इंग्रजीत आपण बेसावध राहतो.

पहिली सोय 'ऊन'ची. 'घरी येऊन, अंघोळ करून तो जेवला.' मराठीत क्रियांची अशी साखळी हवी तेवढी लांबवता येते; काळ, पुरुष, वचन यांचा सगळा भार शेवटचं क्रियापद एकटं उचलतं. इंग्रजीत हेच 'अँड'ने जोडायचं झालं, की प्रत्येक क्रियापदाला स्वतःचा भार स्वतः उचलावा लागतो: 'ही केम होम, टुक अ बाथ अँड हॅड डिनर.' मराठी साखळी मनात ठेवून लिहिलं, की 'ही केम होम, टेकिंग अ बाथ अँड हॅड डिनर' असं काहीतरी उतरतं. 'टेकिंग' हा आपला 'करून' असतो, नको तिथे आलेला.

दुसरी सोय 'यांना', 'यांचे', 'इथे' अशा शब्दांची. 'ठाणे, कल्याण आणि इगतपुरी इथे गाडी थांबते.' नावं कितीही येऊ द्या, शेवटी एक शब्द सगळ्यांना कवेत घेतो. इंग्रजीत तो शब्द आधी येतो आणि तिथेच घोळ होतो: 'द ट्रेन स्टॉप्स ॲट ठाणे, कल्याण अँड ॲट इगतपुरी.' पहिल्या 'ॲट'ने ठाणे आणि कल्याण दोन्ही सांभाळले, मग इगतपुरीला वेगळा कशाला? एक तर सुरुवातीला एकदाच 'ॲट' म्हणा, नाही तर तिन्ही नावांआधी म्हणा. दोन्ही चालतं, अर्धंमुर्धं चालत नाही.

तिसरी सोय मला सर्वांत सुंदर वाटते. 'त्यांनी घरच नाही, तर शेतही विकलं.' 'च' आणि 'ही' ज्या शब्दांची जोडी लावायची, त्यांनाच येऊन चिकटतात. चुकीच्या जागी जायची त्यांना मुभाच नाही. इंग्रजीतलं 'नॉट ओन्ली' मात्र सुटं फिरतं, त्यामुळे ते कुठे ठेवायचं हे आपल्याला ठरवावं लागतं. 'दे नॉट ओन्ली सोल्ड द हाउस बट ऑल्सो द फार्म' यात 'नॉट ओन्ली'च्या पुढे क्रियापद आहे आणि 'बट ऑल्सो'च्या पुढे नाम. 'नॉट ओन्ली सोल्ड' वाचल्यावर वाचक दुसऱ्या क्रियेची वाट बघतो: विकलं एवढंच नाही, तर... जाळलं? गहाण टाकलं? आणि पुढे येतं शेत. 'दे सोल्ड नॉट ओन्ली द हाउस बट ऑल्सो द फार्म' म्हटलं, की घराच्या समोर शेत आलं. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर', 'बोथ-अँड' या सगळ्या जोड्यांना हीच परीक्षा लावायची: पहिल्या शब्दापुढे जे आहे, त्याच प्रकारचं दुसऱ्यापुढे आहे का?

चौथी गोष्ट तुलनेची. 'पुण्यातली घरभाडी नागपूरपेक्षा जास्त आहेत' हे मराठीत कोणालाही खटकत नाही. तेच इंग्रजीत 'रेंट्स इन पुणे आर हायर दॅन नागपूर' असं लिहिलं, तर भाड्यांची तुलना एका शहराशी झाली. 'हायर दॅन दोज इन नागपूर' किंवा 'हायर दॅन इन नागपूर' असं हवं. बोलताना इंग्रज माणूसही हे ढिलं सोडतो. लेखी इंग्रजीत मात्र ते जपलं जातं.

## उद्देशिकेचं वाक्य कसं उभं आहे?

भारतीय वाचकाला समांतर रचना शिकायची असेल, तर त्याला दूर जायची गरज नाही. राज्यघटनेची इंग्रजी उद्देशिका हे एकच वाक्य आहे आणि ते रूपांच्या शिस्तीवर उभं आहे.

कणा असा: 'वी, द पीपल ऑफ इंडिया, हॅविंग सॉलेम्नली रिझॉल्व्ड', आणि मग निर्धार तीन. 'टु कॉन्स्टिट्यूट', 'टु सिक्युअर', 'टु प्रमोट'. तिन्ही 'टु'च्या रूपात. मध्ये बरीच मोठी यादी येते, तरी 'टु' दिसला की वाचकाला कळतं, आपण पुन्हा मुख्य ओळीवर आलो.

आता आतल्या याद्या. 'जस्टिस' या शब्दापुढे तीन विशेषणं: 'सोशल, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल'. 'लिबर्टी ऑफ'च्या पुढे पाच नामं: 'थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप'. पाचांना मिळून एकच 'ऑफ'. पण तिसऱ्या ओळीत मात्र 'इक्वालिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी' असं आहे. दोनच नामं असून 'ऑफ' दोनदा आलाय. त्यामुळे दर्जा आणि संधी हे दोन शब्द एकमेकांत मिसळत नाहीत. दर्जाची समानता वेगळी, संधीची समानता वेगळी, आणि वाचताना दोन्हींवर थांबावं लागतं.

यानंतरची जागा मी पुन्हा पुन्हा वाचतो. न्याय, स्वातंत्र्य, समता या तिघांनंतर बंधुता येते. चारही नामंच आहेत. एका यादीत सहज बसली असती. तशी ती बसवलेली नाहीत. पहिली तीन 'टु सिक्युअर टु ऑल इट्स सिटिझन्स'च्या खाली आहेत. 'फ्रटर्निटी'साठी क्रियापद बदललंय: 'टु प्रमोट अमंग देम ऑल'. न्याय, स्वातंत्र्य आणि समता नागरिकांना मिळवून देण्याचा निर्धार करता येतो. बंधुता त्यांच्यामध्ये वाढीला लावावी लागते. सारख्या गोष्टी सारख्या रूपात आणि वेगळी गोष्ट वेगळ्या रूपात, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग इथे लख्ख दिसतो.

1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'सॉव्हरिन डेमोक्रॅटिक रिपब्लिक'मध्ये 'सोशलिस्ट' आणि 'सेक्युलर' हे शब्द आले, आणि 'युनिटी'च्या जोडीला 'इंटेग्रिटी' आली. या दुरुस्तीबद्दलची मतं ज्याची त्याला. रचनेपुरतं बोलायचं, तर विशेषणांच्या रांगेत विशेषणं आली आणि नामाशेजारी नाम आलं, म्हणून बाकीच्या वाक्यातला एकही शब्द हलवावा लागला नाही.

मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं 25 नोव्हेंबर 1949 चं घटना समितीतलं भाषणही याच नजरेने वाचण्यासारखं आहे. 26 जानेवारी 1950 ला आपण विसंगतींच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, असं सांगून ते म्हणतात: 'इन पॉलिटिक्स वी विल हॅव इक्वालिटी अँड इन सोशल अँड इकॉनॉमिक लाइफ वी विल हॅव इनइक्वालिटी.' दोन्ही अर्ध्यांत 'वी विल हॅव' तेच, 'इन'ने होणारी सुरुवात तीच. बदलतं ते फक्त क्षेत्र, आणि शेवटी समतेच्या जागी विषमता येते. बाकी सगळं स्थिर ठेवल्यामुळे बदललेल्या शब्दावर नजर खिळते. हेच त्यांनी दोन वेगळ्या घडणीच्या वाक्यांत सांगितलं असतं, तर माहिती तीच पोचली असती, विसंगती मात्र अशी समोरासमोर उभी राहिली नसती.

## म्हणजे हा भाषणांचा अलंकारच ना?

उदाहरणं भाषणांतून दिली जातात, त्यामुळे तसं वाटतं. लिंकन यांनी 19 नोव्हेंबर 1863 ला गेटिसबर्ग इथे म्हटलेलं 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल' शाळेपासून आपल्या कानावर आहे. केनेडी यांनी 20 जानेवारी 1961 ला शपथविधीच्या भाषणात देशाने तुमच्यासाठी काय करावं हे न विचारता तुम्ही देशासाठी काय कराल ते विचारा, असं सांगताना एकाच रचनेतले शब्द उलटे फिरवले. ही वाक्यं लक्षात राहतात याचं मोठं श्रेय त्यांच्या घडणीला आहेच.

पण लिंकन यांच्या वाक्यात नीट बघा, काय बदलतं? 'ऑफ', 'बाय', 'फॉर' एवढंच. सत्ता कोणाची, कोण चालवणार, कोणासाठी चालवणार, हे तीन वेगळे प्रश्न तीन छोट्या शब्दांत आहेत. 'द पीपल' तिन्ही वेळा तेच ठेवल्यामुळे तिन्हींचं उत्तर एकच आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या शब्दांचा नाद कानाला गोड लागतो हे खरं. पण तो नाद अर्थाच्या मांडणीतूनच आलाय. औषधाच्या पाकिटावरच्या सूचना आणि मशीनच्या माहितीपत्रकातल्या पायऱ्या यांना नादाशी काही कर्तव्य नसतं, तरी त्या 'ओपन', 'शेक', 'पोअर' अशा एकाच रूपात असतात. तिथे रूप चुकलं, तर पुढची पायरी कोणती आणि नुसती माहिती कोणती, हे वाचणाऱ्याला उमगत नाही.

## अर्थ कळला की पुरे नाही का?

घरच्या निरोपात पुरे. पण अर्थ कळणं आणि तो चटकन कळणं यात फरक आहे. भाषामानसशास्त्रज्ञ लिन फ्रेझियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याची रचना पहिल्यासारखी असली, की तो अर्धा वाचायला कमी वेळ लागतो. पहिल्या भागासाठी मनाने जो साचा बांधला, तोच दुसऱ्याला कामी येतो. साचा मोडला, की वाचक क्षणभर मागे जातो आणि आपलंच वाचणं चुकलं का, ते बघतो. एका वाक्यात हे जाणवणार नाही. दहा पानांच्या अहवालात वाचणारा थकतो आणि कशामुळे थकला हे त्याला सांगता येत नाही.

## मोठे लेखक तर नियम मोडतात!

बऱ्याचदा जिथे मोडलाय असं वाटतं, तिथे तो मोडलेला नसतो. अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'लाइफ, लिबर्टी अँड द परस्यूट ऑफ हॅपिनेस' आहे. तिसरी बाब लांबलचक, पहिल्या दोन एका शब्दाच्या. तरी तिन्ही नामंच आहेत. लांबी जुळायलाच हवी असा नियम नाही. रूप जुळलं की झालं.

कधी मात्र खरोखर मोडतात आणि जाणून मोडतात. चर्चिल यांनी 4 जून 1940 ला ब्रिटिश संसदेत 'वी शॅल फाइट' ही ओळ वेगवेगळ्या ठिकाणांची नावं घेत पुन्हा पुन्हा म्हटली: किनाऱ्यांवर लढू, शेतांत आणि रस्त्यांवर लढू, टेकड्यांवर लढू. आणि मग 'वी शॅल नेव्हर सरेंडर'. 'वी शॅल' कायम राहिलं, 'फाइट' गेलं, ठिकाण गेलं. आधी साचा पक्का बसवला होता, म्हणून ही मोड ऐकू येते. साचाच नसता, तर मोडायला काही उरलं नसतं.

## सगळंच एका साच्यात घातलं, तर एकसुरी होणार नाही?

होईल. आणि त्याहून वाईट म्हणजे खोटं होईल. एका रूपात लिहिलेल्या गोष्टी वाचक एका तोलाच्या मानतो. 'शी इज इंटेलिजंट, हार्डवर्किंग अँड फ्रॉम सातारा' या वाक्यात साताऱ्याला विशेषणाचं रूप देऊन ओळ गुळगुळीत करण्यात अर्थ नाही. हुशारी आणि कष्टाळूपणा हे गुण, सातारा हे गाव. गाव यादीबाहेर काढावं: 'शी इज फ्रॉम सातारा, अँड शी इज इंटेलिजंट अँड हार्डवर्किंग.' रूप जुळत नसेल, तेव्हा आधी हे विचारावं, की या गोष्टी एकत्र असायला हव्यात का? अर्ध्या वेळा उत्तर नाही असं येतं, आणि मग दुरुस्ती रूपाची न करता यादीची करायची असते.

जाहिरातींत आणि संस्थांच्या माहितीपुस्तकांत याचा उलटा प्रकार आढळतो. तीन चकचकीत शब्द एका ओळीत, रूप अगदी निर्दोष, आणि तिघांचा अर्थ एकच. अशा वेळी दोन शब्द खोडावेत. 'ऑनेस्टी, इंटेग्रिटी अँड ट्रुथफुलनेस' यात वाचणाऱ्याला एकाच गोष्टीसाठी तीनदा थांबवलं जातं.

## सॉफ्टवेअर हे करून देईलच की

रूपाची ढोबळ चूक बहुतेक सॉफ्टवेअर पकडतात. 'रीडिंग, स्विमिंग अँड टु प्ले' खाली रेघ येईल. पण तुमच्या मनात कोणती गोष्ट कोणाच्या बरोबरीची आहे, हे मशीनला वाक्यातूनच समजणार. वाक्यच दोन्ही अर्थ देत असेल, तर व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही चूक नसते आणि रेघ उमटत नाही.

भाड्याच्या घराच्या इंग्रजी करारात समजा असं कलम आहे: 'द लायसन्सी शॅल पे फॉर इलेक्ट्रिसिटी, वॉटर, अँड रिपेअर ऑफ फॅन्स अँड लिफ्ट.' वीज, पाणी आणि पंख्यांची दुरुस्ती भाडेकरूची, हे स्पष्ट आहे. लिफ्टचं काय? लिफ्ट 'रिपेअर ऑफ'च्या मागे येते, की 'पे फॉर'च्या? म्हणजे लिफ्ट बिघडली तर दुरुस्तीचा खर्च भाडेकरूचा, की लिफ्ट वापरण्याचा महिन्याचा आकार त्याचा? रक्कम किती हजारांनी बदलेल, ते इमारतीवर अवलंबून. पहिला अर्थ हवा असेल, तर 'ऑफ' पुन्हा लिहावा: 'रिपेअर ऑफ फॅन्स अँड ऑफ द लिफ्ट'. दुसरा हवा असेल, तर लिफ्टला वीज-पाण्याच्या रांगेत आणावं आणि दुरुस्ती शेवटी ठेवावी: 'फॉर इलेक्ट्रिसिटी, फॉर वॉटर, फॉर द यूज ऑफ द लिफ्ट, अँड फॉर द रिपेअर ऑफ फॅन्स'. सही करण्याआधी ही दोन्ही वाक्यं घरमालकापुढे ठेवा आणि त्याला यातलं कोणतं म्हणायचंय, ते विचारून तेच करारात घालून घ्या.